रिकामी गिरण

एम पूर्वच्या वहीत माझं नाव आहे.
धंदा: पिठाची गिरण.
पेशंटशी नातं: काही नाही.
तांडेलबाईंनी तसंच लिहून घेतलं,
खाली सही घेतली आणि म्हणाल्या,
मानधनाचं काय, येईल तेव्हा येईल.
सहा महिने गोळ्या हातावर ठेवायच्या
आणि गिळेपर्यंत बघत राहायचं.

डबा मी वरच्या फळीवर ठेवला,
ह्यांच्या पान्यांमागे.
ते गेल्यापासून तिथं कुणी हात घालत नाही.

मुलगी एकोणीस वर्षांची, शबिस्ता.
बत्तीस नंबर, पाचवा मजला,
खिडकी उघडली की समोरच्यांची खिडकी
आणि भर दुपारी ट्यूबलाइट.
दवाखान्यात जायला ती तयार नव्हती.
चाळीस नंबरात तिचं ठरलेलं,
आणि दवाखान्याच्या बाकावर कधी कोण बसलं
हे मानखुर्दात अख्ख्या कंपाऊंडला पाठ असतं.
गिरणीत काय, कुणीही येतं.

पहिल्या दिवशी अडीच किलो गहू आणले.
दुसऱ्या दिवशी एक.
चौथ्या दिवशी मी झाकण उघडलं
तर आत पीठ.
माझंच, कालचं.
तिनं मान वर केली नाही.
रोज दळायला घरात गहू असते
तर ही वेळ कशाला आली असती.

मी डबा खाली ठेवला
आणि बटण दाबलं.

रिकामी गिरण फिरवू नये.
ह्यांनी मला सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं,
दाणा नसला की दगड दगडाला खातो.
पण मला आवाज हवा होता.
दार उघडं, पंखा चालू, तिच्या तोंडावर रुमाल,
तांडेलबाईंनी सांगितलं तसं सगळं,
आणि त्या घरघरीत
ती पोटातून खोकायची,
घरी जे दिवसभर दाबून धरायची ते.
मग गोळ्या, एकेक.
पोत्यांमागे बादली होती, लागली तर.
एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाली,
मावशी, लघवी लाल होते, मी वाचत नाही.
मी म्हटलं, गोळीचा रंग आहे, वेडे.
तरी रात्री तांडेलबाईंना फोन करून विचारलंच.

बटण बंद.
डब्यावर मूठभर पीठ भुरभुरायचं, ताजं दिसावं म्हणून.
बाहेरच्या बायकांदेखत ती पाचाचं नाणं द्यायची,
मी गल्ल्यात टाकायची.
दुसऱ्या दिवशी तेच तिच्या मुठीत.
एक नाणं सहा महिने पुरलं.

तिसऱ्या महिन्यात दोन दिवस आली नाही.
पाच जिने, माझे गुडघे,
हातात पिठाची पिशवी.
दारात मोठ्यानं म्हटलं, तुमचं दळण राहिलं होतं.
पुरचुंडी पिठातच होती, तळाशी.
तिची अम्मी पिशवी घेऊन आत गेली
आणि परत बाहेर आली नाही.
पोरगी आली.
माझ्यासमोर उभ्यानं गिळलं
आणि मग जिन्यात बसून
आम्ही दोघी उगाचच हसलो.

आता वहीतली ती ओळ बंद झाली.
बेडका साफ. वजन सात किलो जास्त.
लग्नात मी जेवून आले.

परवा तिची सासू आली,
पिशवी ओट्यावर आपटली.
मावशी, तुमच्या पिठाला झालंय काय?
चपातीत कचकच लागते.
सगळी बिल्डिंग बोलते.
मी म्हटलं, दगड घासलेत.
टाकी लावायला माणूस बोलावलाय.

बोलावला नव्हता.
फळीवरच्या डब्यावर मंगळवारपासून नवं नाव आहे,
बेचाळीस वर्षांचा, भंगारवाला,
चारच्या सुमाराला येतो, हातात रिकामी पिशवी.
खोकला मोठा आहे त्याचा.
त्याचं संपलं की बोलावीन.